दिवाळीच्या सुट्टीत लहानग्यांच्या हाताला काय काम द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही घणसोलीत वन बीएचकेमध्ये राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. पुतण्या पाच वर्षांचा, तो दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडेच असतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून आकाशकंदील करायला घेतला, पण दहा मिनिटांत दोघंही उठून गेले आणि कंदील मीच पूर्ण केला. घरातल्याच सामानातून काय करता येईल? पसारा सासूबाईंना चालत नाही. शिवाय शाळेने ‘पणती सजवून आणा’ असंही सांगितलंय.

उत्तर:

कंदील तुम्हाला पूर्ण करावा लागला, कारण तो मुळात तुमच्याच वयाचा होता. घडी घालायची, मापाने आखायचं, कापायचं, चिकटवायचं, वाळेपर्यंत हात लावायचा नाही. एका वस्तूत पाच कामं. साडेतीन वर्षांच्या मुलीला त्यातलं एकच काम हवं असतं, पण ते वीस वेळा करायला हवं असतं.

मी ठाण्यात सव्वीस वर्षं बालवाडी घेतली, आधी नौपाड्यात, मग कळव्यात. पहिली चार-पाच वर्षं मीही तुमच्यासारखीच वस्तू ठरवून बसायचे. आज कंदील, उद्या भेटकार्ड. पालक खूश व्हायचे, कारण तीस मुलांचे तीस कंदील एकसारखे दिसायचे. ते एकसारखे दिसत, कारण शाळा सुटल्यावर मी आणि मदतनीस ताई बसून ते सारखे करत असू. नंतर मी उलटं केलं. आधी कृती ठरवायची: आज फाडायचं, आज ठसे, आज वळायचं, आज ओवायचं. त्यातून काय तयार होईल ते शेवटी बघायचं.

सुरुवात फाडण्यापासून करा. रद्दीतला एक पेपर दोघांना द्या आणि लांब पट्ट्या फाडायला सांगा. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं आणि आडवं धरलं की वाकडंतिकडं जातं. हे तुम्ही सांगू नका, पुतण्याला पाच मिनिटांत कळेल आणि तो बहिणीला शिकवायला जाईल. फाडताना दोन्ही हातांचा अंगठा आणि तर्जनी कागदाला चिमटीत धरतात, एक हात पुढे जातो, दुसरा मागे. पुढे पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. म्हणून अक्षरं गिरवायची घाई असलेल्या पालकांना मी आधी रद्दी द्यायचे. काहींना राग यायचा.

फाडलेलं चिकटवायला फेविकॉलची बाटली नको, खळ करा. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी. मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढुरकेपणा जाऊन थोडी पारदर्शक झाली की उतरवायची. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. जुनी माणसं खळ टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालायची. ते विष आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको. आणि खळीचं काम झाल्यावर रात्री ओटा आणि फरशी नीट पुसून घ्या, नाहीतर तुमच्या चित्रावर सकाळी झुरळांची पंगत बसलेली असेल. अनुभवाने सांगतेय.

या खळीतून जो कंदील होतो तो टांगायचा नसतो, खिडकीच्या काचेला लावायचा असतो. एक साधा पांढरा कागद घ्या. पतंगी कागदाचे तीन-चार रंग आणा, जांभळी नाक्याला किंवा तुमच्या सेक्टरमधल्या स्टेशनरीवाल्याकडे मिळतील. मुलीने रंगीत तुकडे फाडायचे, पांढऱ्या कागदावर बोटाने खळ फासायची आणि तुकडे डकवत सुटायचं. एकावर एक बसले तर बसू देत, निळ्यावर पिवळा आला की हिरवा दिसतो आणि तो शोध तिचा असतो. पूर्ण वाळल्यावर मागच्या बाजूने खोबरेल तेलात बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा. तेल मुरलं की कागदातून उजेड जायला लागतो. काचेला चिकटपट्टीने लावा. सकाळचं ऊन आलं की कंदील लागतो. बल्ब नाही, वायर नाही, शिडीवर चढणं नाही.

याच कंदिलाला खाली झिरमिळ्या हव्यात, तिथे पुतण्याला कामाला लावा. कात्रीचा क्रम असा: साधारण तीन वर्षांचं मूल नुसता ‘कच’ असा एक काप मारतं, पुढे रेघेवरून कापतं, पाचव्या वर्षाच्या आसपास गोल आकाराकडे वळतं. झिरमिळ्या म्हणजे ओळीने मारलेले ‘कच’च. त्यामुळे त्या दोघांनाही जमतात. मुलीला बोटभर रुंदीची पट्टी द्या, म्हणजे एका कापात तुकडा पडतो आणि टाळी वाजवता येते. पुतण्याला रुंद पट्टी द्या, वरच्या कडेला पेनने रेघ मारा आणि त्या रेघेपर्यंत कापून थांबायला सांगा. थांबणं कापण्यापेक्षा अवघड असतं. कागद जरा ताठ हवा, जुनी लग्नपत्रिका किंवा वहीचं खाकी कव्हर उत्तम. वर्तमानपत्र कात्रीत नुसतं दुमडतं आणि मूल म्हणतं, मला येत नाही. अंगठा वर राहील अशी कात्री धरायला लावा. मूल डावखुरं असेल तर नेहमीच्या कात्रीने कागद नीट कापला जात नाही, कारण डाव्या हातात पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात. त्याला डावखुऱ्यांची कात्री आणा, रागावू नका.

आता सासूबाई. पसाऱ्याची तक्रार करणारं माणूस बाहेर ठेवलं की तक्रार वाढते, म्हणून त्यांना आत घ्या. त्यांना वाती वळता येत असतीलच. दिवाळीला वाती लागतातच आणि वात वळणं हे या वयाच्या बोटांसाठी मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर काम आहे. कापूस सोडवायचा, त्यातली काडी-कचरा काढायचा, हलक्या हाताने ओढून लांबवायचा आणि मग तळहातावर किंवा गुडघ्यावर वळायचा. बोटांना दुधाचा थेंब किंवा चिमूटभर भस्म लावलं की कापूस नीट वळतो. मुलगी आधी जाड अळ्या करेल, काही मधेच तुटतील. तिला फुलवात जास्त जमेल: कापसाचा गोल चपटा तुकडा, मधोमध चिमटीत धरायचा आणि पिळायचा. आजीने दहा वळल्या, नातीने दोन, तरी त्या दोन वाती पाडव्याच्या दिवशी लावायच्या आणि सगळ्यांना सांगायचं की या हिच्या आहेत. व्हिडिओवाल्या कंदिलाला हा मान मिळत नाही.

करंज्या-शंकरपाळ्यांच्या दिवशीही असंच. कातण फिरवायला द्या. शंकरपाळे चौकोनी येणार नाहीत. तळून डब्यात गेले की कोण बघतंय! तळणाच्या वेळी मात्र मुलं स्वयंपाकघराबाहेर.

ठसेकाम तुम्ही ऐकलं असेल, त्यावर जास्त लिहीत नाही. भेंडी आडवी कापली की चांदणी, सिमला मिरचीचं फूल, आणि केळीच्या पानाचा जाड दांडा आडवा कापला तर आत जाळीजाळीची नक्षी असते, तिचा ठसा सगळ्यात देखणा उमटतो. पूजेला केळीचे खांब आणता, त्यातलंच एक पान वापरा. रंगात बुडवायला वाटी देऊ नका, ताटलीत ओल्या फडक्याची घडी ठेवून तिच्यावर रंग ओता. मग रंग टपकत नाही आणि ठसा भरून जात नाही. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, सफरचंदावरची फोमची जाळी, बाटल्यांची मोठी झाकणं, हे सगळं महिनाभर आधीपासून एका पिशवीत साठवायला लागा.

या साठवण्यावरून आठवलं. हल्ली तीनशे-चारशे रुपयांची क्राफ्ट किट मिळतात, त्यात सगळं आधीच कापलेलं असतं. मूल फक्त स्टिकर लावतं. आपल्याच भागाची गंमत बघा: बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, पुढे ते काम कोसबाडला गेलं. तो सगळा मुलूख २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, आता पालघरमध्ये आहे. तिथे पैसा नव्हता, तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे हेच शिक्षणाचं साहित्य झालं. त्यावर एक पूर्ण बालवाडी उभी राहिली. तुमच्या स्वयंपाकघरात त्यापेक्षा कितीतरी जास्त सामान आहे.

त्याच मुलखातली वारली चित्रकला मुलांना फार मानवते. येऊरच्या पाड्यांवर वारली वस्ती आहे, म्हणजे ठाण्याच्या अगदी उशाशीच. भिंत गेरूची आणि रंग तांदळाच्या पिठाचा, इतकंच साहित्य. घरी खाकी कागदाची पिशवी उलगडून घ्या, तांदळाचं पीठ पाण्यात दाटसर कालवा. काडीचं टोक ठेचून किंवा चावून कुंचला करतात, पुतण्याला ते भलतंच आवडेल. मुलीला बोट पुरे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस होतो हे पुतण्याला एकदाच दाखवा. मुलीला दाखवूच नका, तिच्या ठिपक्यांना ती जे म्हणेल ते म्हणू द्या. ओलं असताना काहीच दिसत नाही, वाळलं की पांढरं उठून येतं. तेवढा वेळ बाहेर भटकून या.

माझा सगळ्यात लाडका खेळ मात्र हळदीचा आहे. एक चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासा आणि वाळू द्या. मग अंगाच्या साबणवडीवर ओला ब्रश किंवा कापूस गुंडाळलेली काडी घासून त्या पिवळ्या कागदावर चित्र काढायला सांगा. रेघ लाल उमटते. मुलं आधी ब्रशकडे बघतात, मग साबणाकडे, मग तुमच्याकडे. हळदीला साबणासारखा क्षार लागला की ती लाल होते, आणि वरून लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी. पूर्वी हळद आणि चुन्यापासून कुंकू व्हायचं ते याच गुणामुळे. सासूबाईंना विचारा, त्यांनी पाहिलंही असेल. बाटलीतला हात धुवायचा पातळ साबण बरेचदा क्षारयुक्त नसतो, त्याने रंग बदलत नाही आणि जादूगाराची फजिती होते, वडीच घ्या. हे काम अंघोळीच्या आधी, जुन्या बनियनवर, बाथरूमच्या उंबऱ्यापाशी करा. फरशीच्या सांध्यांत हळद गेली तर मला दोष देऊ नका.

किल्ल्याशिवाय मराठी मुलाची दिवाळी कसली? पण वन बीएचकेमध्ये किल्ला म्हटलं की आयांना घाम फुटतो. मोठी परात किंवा प्लास्टिकचा टब घ्या. वर्तमानपत्राचे बोळे करायला मुलांना सांगा. बोळा करणं हा हाताच्या पंजाला मोठा व्यायाम आहे, मुलांना वाटतं खेळ चाललाय. ते बोळे परातीत रचून डोंगर करा, वर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि त्यावर मातीचा लेप. माती नर्सरीतून एक पिशवी आणा, रस्त्याकडेची नको, तिच्यात काच आणि कुत्र्याची घाण असते. हाताने चाळून बघा आणि मगच मुलांना द्या. वर मोहरी किंवा अळीव भुरभुरवा, रोज हाताने पाणी शिंपडा. तीन-चार दिवसांत हिरवं येतं, म्हणून वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी सुरुवात करा. पाणी शिंपडायचं काम मुलीचं, रोज, ठरलेल्या वेळी. ज्या मुलीला दहा मिनिटं बसवत नाही तीच सकाळी उठल्यावर दात न घासता गॅलरीत किल्ल्याकडे धावते. किल्ल्यावर मावळे हवेतच असं नाही. माझ्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने महादरवाजासमोर बस उभी केली होती आणि तिचा नंबरही सांगितला होता.

कणकेच्या मातीबद्दल एकच सांगते, कारण तिथे बरेचजण फसतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी, साधारण पाऊण ते एक वाटी. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवायची. वळायला झकास. पण आपल्याकडे, विशेषतः खाडीच्या कडेला, हवेत एवढा दमटपणा असतो की मीठ ओल धरतं. मी एका वर्षी चाळीस पणत्या केल्या, उन्हात तीन दिवस वाळवल्या, कपाटात ठेवल्या. पुढच्या आठवड्यात कपाट उघडलं तर पणत्या घामाघूम! तेव्हा खेळायला करा, टिकवायला नको. त्यात दिवा तर लावूच नका. आणि मुलांना ती खाऊ देऊ नका, मीठ फार असतं.

शाळेची पणती: कुंभाराची साधी मातीची पणती घ्या. मुलीला फक्त बाहेरून रंगवायला द्या, आतून नाही आणि काठावरही नाही. तिथे ज्योत आणि तेल येतं, पोस्टर रंग तेलात सुटतो. कापसाच्या काडीने ठिपके, एवढं तिच्याने होईल. आरसे आणि टिकल्या चिकटवायचा मोह तुम्हाला होईल, कारण वर्गात बाकीच्या पणत्या बाजारातल्यासारख्या दिसणार आहेत. बाईंना पणती कोणी केली ते बघितल्याबरोबर कळतं. आम्हाला नेहमीच कळायचं.

आता सांभाळायच्या गोष्टी, कारण साडेतीन वर्षांच्या मुलीबरोबर हे टाळता येत नाही. कडधान्य चिकटवायच्या कामाचे फोटो छान येतात, पण माझ्या वर्गात एका मुलीने हरभरा नाकात घातला होता. कडधान्य नाकाच्या ओलाव्याने फुगतं आणि आणखी अडकतं. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, आत ढकललं जातं. सरळ डॉक्टरकडे जा. तेव्हापासून मी चार वर्षांखालच्या मुलांना कडधान्य, मणी, शेंगदाणे देणं बंद केलं. ओवायचंच असेल तर झेंडूची फुलं आणि कापलेल्या कागदी नळ्या द्या. सुई नको, सुतळीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली की ते बुटाच्या लेससारखं ताठ होतं.

तयार रांगोळीची पूड दगडाची असते, डोळ्यांत आणि नाकात जाते. त्याऐवजी जाड मिठात खायचा रंग चोळून वाळवा, तेच ताटात ओतू द्या. चमकी मी घरात आणतच नाही. ती संक्रांतीपर्यंत सापडत राहते.

आणि हे ठळक अक्षरात समजा: बॅटरीवर चालणाऱ्या पणत्या. हल्ली मुलांना खऱ्या दिव्याऐवजी त्याच देतात, सुरक्षित म्हणून. बऱ्याच पणत्यांच्या तळाशी नाण्यासारखी छोटी बटण बॅटरी असते आणि झाकण नखाने उघडतं. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. स्क्रूने बंद होणारं झाकण असेल तरच घरात आणा, नाहीतर झाकणावर मजबूत टेप लावा. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा.

पसाऱ्याचं राहिलं. परात हीच सीमा. जे काही होईल ते परातीत किंवा जुन्या चादरीवर, चादरीबाहेर गेलं की काम थांबलं. दोन दिवस बोंबाबोंब होते, मग मुलंच एकमेकांना सांगतात. सामान एका वेळी एकच बाहेर काढा. रोज एकदाच बसा, सकाळी, पोट भरलेलं असताना. पंधरा मिनिटं झाली तरी पुष्कळ, मुलं उठली तर उठू द्या, झाकून ठेवा, संध्याकाळी कदाचित पुन्हा येतील. दोघांना एकच सामान आणि वेगवेगळी कृती द्या: तिने फाडायचं, त्याने कापायचं, तिने ठिपके, त्याने त्रिकोण. तुलना आपोआप कमी होते.

आणि प्रत्येक कागदाच्या मागे तारीख टाका, खाली मुलीने चित्राचं जे नाव सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहा. माझ्याकडे एक कागद अजून आहे, पूर्ण काळा रंगवलेला. मागे लिहिलंय: ‘लाइट गेले तेव्हाची आमची घरातली दिवाळी.’